जावयाच्या आजीची पणजी १८६० च्या यादीत का सापडत नाही

नमस्कार ताई,

आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते सांगते. तुमची लेक मेरीलँडला, जावई आफ्रिकन-अमेरिकन. नातवासाठी दोन्हीकडचा वंशवृक्ष करायचं तुम्ही मनावर घेतलंत. तुमच्या बाजूच्या सात पिढ्या नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून निघाल्या. जावयाकडे मात्र १८७० ला गाडी अडली. त्या वर्षीच्या जनगणनेत, व्हर्जिनियातल्या पिट्सिल्व्हेनिया काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं), जावयाच्या आजीची पणजी सापडली: वय ३४, चार मुलं, आणि त्याच घरात वेगळ्या आडनावाचा साठीचा एक माणूस. १८६० मध्ये तिचा पत्ता नाही. पण तिच्याच आडनावाचा एक गोरा जमीनदार त्या काउंटीत होता, आणि त्याच्या नावाखालच्या गुलामांच्या यादीत २४ वर्षांची एक बाई आहे. ‘तीच ना ही?’ असं तुम्ही विचारलंय.

असेलही. पण या पुराव्यावर मी तिचं नाव पेन्सिलनेसुद्धा लिहिणार नाही. का, ते सांगते, आणि मी काय केलं असतं तेही सांगते.

माझं थोडं सांगायला हवं. मी कोल्हापूरची, वडील तलाठी. लग्नानंतर रिचमंडला आले आणि पंचवीस-सव्वीस वर्षं वकिलांसाठी जमिनीचे टायटल तपासायचं काम केलं. म्हणजे काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये जाऊन जुनी पुस्तकं उघडायची आणि जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्याची साखळी जुळवायची. आपल्याकडचे फेरफार काढतात तसंच. जमिनीसाठी पानं उलटताना सुरुवातीच्याच दिवसांत एका खतात शेत, दोन घोडे, चार गादी-पलंग आणि त्यांच्यामागोमाग पाच माणसांची नावं दिसली. तेव्हापासून हे दुसरं काम मागे लागलं. निवृत्तीनंतर तेवढंच करते.

तर मुद्दा. १८६० मध्ये ती बाई कुठल्या ओळीत आहे, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न नाही. ती ओळ सापडली तरी तिच्यात नाव नसणार. १८५० आणि १८६० ला दक्षिणेत दोन वेगवेगळ्या याद्या झाल्या. एक स्वतंत्र माणसांची, नावानिशी. दुसरी गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांची. तिच्यात मालकाचं नाव, आणि त्याखाली एकेका ओळीत वय, बाई की पुरुष, रंग काळा की मिश्र, एवढंच. १८६० ला देशभर अशा सुमारे साडेएकोणचाळीस लाख ओळी होत्या. एकट्या व्हर्जिनियात सुमारे ४ लाख ९१ हजार. त्यातून २४ वर्षांची बाई शोधणं म्हणजे पंढरीच्या वारीत ‘पांढरी टोपी घातलेला’ माणूस शोधणं. शिवाय वयं अंदाजाने सांगितलेली, बरीचशी मालकाने किंवा त्याच्या मुकादमाने. आणि दुसऱ्याकडून वर्षभरासाठी भाड्याने आणलेली माणसंही कधी कधी वापरणाऱ्याच्याच नावाखाली लिहिलेली.

खरा प्रश्न हा की १८६५ ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा ती कुणाच्या कागदांत ‘मालमत्ता’ म्हणून लिहिलेली होती. मालक कळला की पुढची सगळी कागदपत्रं उघडतात. तो कळल्याशिवाय काउंटीच्या ऑफिसात जाऊन काही हाती लागत नाही, कारण तिथल्या सूचीत तिचं नाव नाहीच. सूचीत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतात. ती दोन्ही नाही. ती खताच्या आत आहे.

(एक गोष्ट मात्र आधी तपासा. तेव्हा व्हर्जिनियात सुमारे ५८ हजार स्वतंत्र कृष्णवर्णीय होते, आणि ते १८६० च्या पहिल्या, नावं असलेल्या यादीत येतात. ती त्यांच्यापैकी असेल तर माझं पुढचं सगळं लांबलचक बोलणं फुकट. मग काउंटीच्या कोर्टातली स्वतंत्र कृष्णवर्णीयांची नोंदवही बघायची. तिच्यात उंची, व्रण, कुणी मुक्त केलं इथपर्यंत लिहिलेलं सापडतं.)

आता आडनावाबद्दल. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘मुक्त झाल्यावर सगळ्यांनी मालकाचं आडनाव घेतलं’ हे इतक्यांदा सांगितलं जातं की लोकांना तो नियम वाटतो. काहींनी घेतलं, हे खरं. पुष्कळांनी आधीच्या मालकाचं घेतलं, म्हणजे जिथे आई-आजी वाढली त्या घराचं. काहींचं स्वतःचं आडनाव दोन-तीन पिढ्या आपापसात चालत होतंच, मालकाच्या वहीत ते कधी आलं नाही इतकंच. पुढे नावाजलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचं उदाहरण घ्या. पिट्सिल्व्हेनियाला लागूनच फ्रँकलिन काउंटी आहे, तिथे ते १८५६ ला जन्मले. मालक जेम्स बरोज. तो वारल्यावर १८६१ मध्ये त्याच्या मालमत्तेची यादी झाली, तीत ‘बुकर’ हा मुलगा आहे, किंमत ४०० डॉलर. मुक्त झाल्यावर कुटुंब वेस्ट व्हर्जिनियात गेलं. तिथे शाळेत नाव विचारलं तेव्हा या पोराने ‘वॉशिंग्टन’ सांगितलं. ते त्याच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव! त्यांचं आडनाव फर्ग्युसन. आता आडनावावरून मालक शोधणारा माणूस फ्रँकलिन काउंटीत वॉशिंग्टन नावाचा जमीनदार हुडकत बसला असता, आणि कदाचित एखादा सापडलाही असता. सापडला असता तर ते जास्तच वाईट.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच लागून सांगतेय. एका चर्चमधल्या वयस्कर बाईंच्या घराण्यासाठी मी आडनाव जुळणाऱ्या एका मालकाच्या मागे चार महिने घालवले. त्याचं मृत्युपत्र, वाटणी, कर्ज, सगळं काढलं. नावं अर्धवट जुळत होती आणि मी ती जुळवून घेत होते. मग त्यांच्या खापरपणजीच्या भावाची पेन्शनची फाइल हाताला लागली. तो युद्धात उत्तरेच्या सैन्यात होता, आणि त्याच्या विधवेच्या अर्जाला बहिणीने साक्ष दिली होती. साक्षीत सरळ लिहिलं होतं की आम्ही दोघं अमुक म्हाताऱ्याकडे जन्मलो, तो वारल्यावर वाटणी झाली, भाऊ मुलाच्या वाट्याला गेला आणि मी लेकीच्या. तो म्हातारा भलताच निघाला, काउंटीच्या दुसऱ्या टोकाचा. माझे चार महिने पाण्यात. फाइल मी आधी मागवायला हवी होती, पण सैनिक ‘आपल्या’ थेट ओळीतला नाही म्हणून बाजूला ठेवली होती.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी १८६५ नंतरचे कागद बघायचे, कारण त्यांत ही माणसं स्वतः बोलतात. मालकाचे कागद नंतर.

नंतरच्या कागदांत पहिला नंबर मुलांच्या आणि भावंडांच्या नोंदींचा. व्हर्जिनियात १८५३ पासून लग्नांची नोंदवही आहे, आणि युद्धानंतर कृष्णवर्णीयांची लग्नंही तीत येतात, नवरा-नवरी दोघांच्या आई-वडिलांच्या नावांसकट. या बाईंनी १८६५ नंतर पुन्हा लग्न केलं असेल तर तिचे आई-बाप तिथे एका ओळीत मिळतील. मृत्यूचे दाखले राज्यभर १९१२ पासून सुरू झाले. ती स्वतः तोवर नसेल, पण १८५० च्या आसपास जन्मलेली धाकटी बहीण १९१५-२० ला वारली असेल तर तिच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव असू शकतं. १८८० ची जनगणनाही काढा. १८७० च्या यादीत नातं लिहायचा रकानाच नव्हता, तो १८८० ला आला. त्यामुळे तो साठीचा माणूस १८८० ला हयात असेल आणि त्याच घरात असेल, तर तो वडील, सासरा की नुसता बिऱ्हाडकरू हे कळेल. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या माहितीत सगळ्यात मोलाचा तोच आहे. त्याचं आडनाव वेगळं आहे ही अडचण नाही, तो दुवा आहे.

दुसरं, फ्रीडमेन्स ब्यूरो. युद्धानंतर केंद्र सरकारने मुक्त झालेल्यांसाठी काढलेलं हे खातं १८६५ ते १८७२ चाललं. मजुरीचे करार, शिधावाटप, दवाखान्याच्या नोंदी, मारहाणीच्या तक्रारी असं सगळं त्यात आहे. १८६५-६६ चे मजुरीचे करार मुद्दाम बघा. पहिल्या वर्षी पुष्कळजण जुन्याच मालकाच्या शेतावर राहिले, आणि करारात एकाच घरच्या माणसांची नावं एकाखाली एक येतात. याच काळातली फ्रीडमन्स बँक १८६५ ते १८७४ चालली आणि बुडाली. गरिबांचे पैसे गेले, पण खातेदारांची नोंदवही राहिली. तीत नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भावंडं, आणि सुरुवातीच्या अर्जांत जुन्या मालकाचं नावही विचारलेलं. व्हर्जिनियात रिचमंडची शाखा होती. तुमच्या बाईंचं खातं रिचमंडला असण्याचा संभव कमी, पण रिचमंडला कामाला गेलेल्या एखाद्या भावाचं असू शकतं. हे सगळं फॅमिलीसर्च या साइटवर फुकट बघता येतं, नुसतं खातं उघडावं लागतं.

तिसरं खास व्हर्जिनियाचं. २७ फेब्रुवारी १८६६ च्या कायद्याने गुलामगिरीत नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्यांचं लग्न कायदेशीर ठरलं, आणि त्यासाठी काउंटीवार नोंदवह्या झाल्या. कोहॅबिटेशन रजिस्टर म्हणतात. तिच्या प्रत्येक ओळीत नवऱ्याचं नाव, वय, जन्मठिकाण, धंदा, शेवटचा मालक आणि त्याचं गाव. बायकोचंही बहुतेक तसंच. मग मुलांची नावं, वयं, आणि ही दोघं कधीपासून एकत्र आहेत ते. म्हणजे आपल्याला हवं ते सगळं. अडचण इतकीच की थोड्याच काउंट्यांची रजिस्टरं आज टिकून आहेत. तुमच्या शेजारच्या हेन्रीचं आहे, गूचलंडचं आहे, लुईझाचं आहे. काउंटीच्या हद्दीवरची माणसं सोयीच्या ठिकाणी नोंद करत, म्हणून शेजारच्या काउंट्यांचीही बघा. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या ‘व्हर्जिनिया अनटोल्ड’ या संग्रहात जी आहेत ती सापडतील.

आता समजा या सगळ्यातून एक नाव हाती लागलं. किंवा नाही लागलं, पण १८७० च्या जनगणनेत बाईंच्या घराच्या मागचे-पुढचे दहा-दहा पानं वाचून, ज्यांच्या जमिनीची किंमत भरपूर लिहिली आहे अशा गोऱ्या शेजाऱ्यांची पाच-सहा नावं काढलीत. (हे कराच. जनगणनावाला घरोघर चालत जाई, त्यामुळे पानावरचा शेजार हा बहुधा जमिनीवरचा शेजार असतो.) इथून पुढे काउंटीचे कागद, आणि इथून माणूस शोधायचा नाही, मालमत्तेचा माग काढायचा. ऐकायला वाईट आहे. मला तर पहिली काही वर्षं घरी येऊन जेवण जात नसे. पण त्या काळी कोर्टाने तिला जसं लिहून ठेवलंय तशीच ती सापडते.

मालमत्ता कधी हलते? माणूस मरतो तेव्हा, लेकीचं लग्न होतं तेव्हा, आणि कर्ज फिटत नाही तेव्हा. आपल्याकडेही याच तीन वेळी फेरफार पडतात. त्या तीन वेळीच तिचं नाव कागदावर येतं. एरवी वर्षानुवर्षं येत नाही.

मालक वारला की त्याचं मृत्युपत्र ‘विल बुक’मध्ये उतरवलं जाई. मृत्युपत्रात कुणाला कोण द्यायचं ते नावानिशी असतं, आणि बाईच्या नावापुढे बहुतेक वेळा ‘आणि तिची पुढची वाढ’ असे शब्द. वाढ म्हणजे पोटची मुलं. १६६२ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने मूल आईच्या स्थितीला जाई. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. म्हणून या कागदांत आई-मुलांची ओळ टिकते आणि बाप दिसत नाही. नुसतं मृत्युपत्र वाचून थांबणारे बरेच बघितलेत मी. खरी माया त्याच पुस्तकात पुढे असते. कोर्ट शेजारपाजारचे तीन-चार मातबर नेमी, ते येऊन घरातली चीजवस्तू मोजत आणि किमती लावत. गाई, नांगर, मका, पितळेची घंगाळं, आणि माणसं. ‘मिली आणि तिचं मूल’ अशी एकत्र किंमत लावलेली असेल तर मिलीला तेव्हा अंगावरचं पोर होतं हे कळतं. नावांचा क्रमही वाचा. बऱ्याच याद्यांत आधी पुरुष, मग बाया, मग मुलं असतात, पण काहींत झोपडीवार घरं येतात, आणि तशी यादी मिळाली तर ती सोन्याची.

त्यापुढे वाटणी. तेवढ्याच किमतीचे वाटे पाडायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, कमी-जास्त रोखीने भरून काढायचं. कुठली बाई कुठल्या वाट्यात गेली ते लिहिलेलं असतं. आणि एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: विधवेचा हिस्सा. नवऱ्याच्या गुलामांपैकी एक-तृतीयांश तिला हयातीपुरते मिळत. तिने मृत्युपत्र करून ते कुणाला द्यायचे नाहीत. ती गेली की ते नवऱ्याच्या वारसांकडे परत. म्हणजे नवरा १८३५ ला गेला आणि बाई १८५८ पर्यंत जगली, तर तेवीस वर्षांनी दुसरी वाटणी होते, त्याच मृत माणसाच्या नावाखाली! पहिल्या यादीत जी आठ वर्षांची पोर होती ती दुसरीत तीन मुलांची आई म्हणून येते. माझ्या कामात मी सगळ्यात पक्की जुळवणी या दोन याद्या शेजारी ठेवून केली आहे. पण त्यासाठी १८३५ ला गेलेल्या माणसाची नोंद १८५८ च्या पुस्तकात शोधायचं सुचावं लागतं.

लेकीचं लग्न म्हणजे बक्षीसपत्र, ते ‘डीड बुक’मध्ये, म्हणजे खतांच्या वहीत. गोष्ट अशी की लेकीचं आडनाव बदलतं, आणि तिच्याबरोबर दिलेली पंधरा वर्षांची पोरगी एका रात्रीत दुसऱ्या मालकाची होते. १८६५ चा ‘शेवटचा मालक’ त्या जमीनदाराचा जावई असतो, आणि तुमच्या बाईंच्या आईचे सगळे कागद सासऱ्याच्या नावाखाली. म्हणून मालक सापडला की आधी त्याच्या बायकोचं माहेर शोधा. मी तर मालकाच्या वडिलांआधी त्याच्या सासऱ्याची कागदपत्रं काढते.

कर्ज म्हणजे गहाणखत. तंबाखूचा भाव पडला की पिट्सिल्व्हेनिया-हॅलिफॅक्सकडचे जमीनदार माणसं गहाण टाकत. गहाणखतात ओळख पटावी म्हणून नावं, वयं, कधी कधी ‘बेट्सी आणि तिची मुलं अमुक अमुक’ इतकं स्पष्ट लिहिलेलं असतं. सूचीत मात्र ते नुसतं जमिनीचं खत दिसतं. त्यामुळे मालकाच्या नावाची सगळी खतं उघडून वाचावी लागतात, याला जवळची वाट नाही. वारसांत भांडण लागलं असेल तर चॅन्सरी कोर्टाची फाइल असते, तिच्यात साक्षी-पुरावे, जुनी खतं, भाड्याने दिलेल्यांचा वर्षावर्षाचा हिशेब. भाड्याचं वर्ष १ जानेवारीला सुरू होई. नव्या वर्षाचा पहिला दिवस त्या घरांत कसा उजाडत असेल ते त्या हिशेबाच्या चोपडीवरून कळतं. या फाइलींची सूची लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या साइटवर आहे, पुष्कळ काउंट्यांच्या तर फाइलीही स्कॅन केलेल्या आहेत. भांडखोर घराणं मालक म्हणून लाभणं हे आपल्या कामात नशीबच समजायचं.

व्हर्जिनियाची जन्माची नोंदवही १८५३ पासून आहे, तीत गुलामगिरीत जन्मलेली मुलंही लिहिलेली आहेत: मुलाचं नाव, बऱ्याचदा आईचं, आणि मालकाचं. तुमच्या बाईंचं थोरलं मूल १८७० ला १५ वर्षांचं, म्हणजे जन्म १८५५ च्या सुमाराचा. ही वही आधी बघा! आईचं नाव जुळलं तर मालक त्याच ओळीत आहे. सगळ्या मालकांनी सगळी मुलं नोंदवली नाहीत, म्हणून नाही सापडलं तर निराश होऊ नका.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते सांगते. कागद टिकलेत का, यावर पहिलं. तुमचं नशीब बरं, पिट्सिल्व्हेनियाचे जुने कागद बऱ्यापैकी शाबूत आहेत. ईशान्येकडच्या बकिंगहॅमचं कोर्टहाउस १८६९ ला जळलं, ॲपोमॅटॉक्सचं १८९२ ला. काही काउंट्यांनी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून कागद रिचमंडला पाठवले, आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडच पेटलं. दुसरं, हद्दी. पिट्सिल्व्हेनिया १७६७ ला हॅलिफॅक्समधून निघाली, आणि हेन्री १७७७ ला पिट्सिल्व्हेनियातून. आपला तालुका फुटला की जुने कागद जुन्या ठिकाणीच राहतात, तसंच तिथे. डॅनव्हिल शहराचं दप्तर काउंटीपासून वेगळं, हेही लक्षात ठेवा. तिसरं, मालक केवढा होता. दोनशे माणसांच्या मळ्याच्या खासगी वह्या विद्यापीठांत जपलेल्या असतात. दोन-चार माणसं असलेल्या शेतकऱ्याकडे काही नसतं, तिथे कोर्टाचे कागद हाच आधार.

आणि चौथं, ती मुळात तिथलीच होती का. १८०८ ला परदेशातून माणसं आणणं बंद झालं, त्यानंतर व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या वरच्या राज्यांतून खाली मिसिसिपी-लुइझियानाकडे सुमारे दहा लाख माणसं विकली आणि हलवली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. तुमच्या बाईंचं जन्मठिकाण व्हर्जिनियाच आहे म्हणता, म्हणजे ती मागे राहिलेल्यांपैकी. पण तिची भावंडं खाली गेली असू शकतात. युद्धानंतर लोकांनी वर्तमानपत्रांत ‘माझी आई शोधतोय, अमक्याने तिला तमक्याला विकलं’ अशा जाहिराती दिल्या. न्यू ऑर्लिन्सच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात १८७९ पासून असं सदरच चालायचं. त्या जाहिरातींत पिट्सिल्व्हेनिया शोधून बघा. दक्षिणेतून कुणी तिलाच शोधत असेल.

पुरावा केव्हा पुरेसा म्हणायचा, हेही तुम्हाला कधीतरी विचारावं लागेल, म्हणून आत्ताच सांगते. एकटं नाव मी धरत नाही. मेरी, हॅरी, नॅन्सी शेकड्यांनी आहेत, आणि त्यात मेरीची पॉली होते, मार्थाची पॅट्सी, सुझनची सुकी. मी नावांचा घोळका धरते. आई आणि तीन मुलं, चढत्या वयाने, १८५८ च्या वाटणीत. आणि तेवढ्याच फरकाने तीच मुलं १८७० च्या घरात. शिवाय मालकाची जमीन १८७० च्या शेजारात. या तिन्ही गोष्टी जमल्या की शाईने लिहायचं. डीएनए चाचणी जावयाच्या घरच्यांनी केली असेल तर तिचा उपयोग शेवटी पडताळ्याला होतो, सुरुवातीला नाही. तीत मालकाच्या घराण्यातले गोरे नातेवाईक निघतात. जनगणनेत रंगाच्या रकान्यात ‘एम’ (म्हणजे मिश्र) लिहिलेलं असेल तर ते अनपेक्षित नसतं. पण ते कसं घडलं असेल हे कुणाला उलगडून सांगावं लागत नाही, आणि ते शोधायचं की नाही हे जावयाच्या आईने ठरवावं, आपण नाही.

त्यावरून एक आगाऊपणाचा सल्ला. किमतीचं पान सापडलं तर ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मी एकदा ईमेलने पाठवलं होतं. त्या बाईंनी आठ महिने उत्तर दिलं नाही. आता मी फोन करते, भेटता आलं तर भेटते, आधी काय आहे ते तोंडी सांगते, आणि बघायचंय का ते विचारते. बहुतेक जण हो म्हणतात. एका आजोबांनी पान हातात घेतलं, किमतीकडे बघितलंच नाही, नुसतं नावावर बोट ठेवून दोनदा मोठ्याने वाचलं.

या आठवड्यात तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. १८८० च्या जनगणनेतलं ते घर. थोरल्या मुलाची १८५३ ते १८५८ मधली जन्मनोंद, आईच्या नावावरून. आणि त्या साठीच्या माणसाचं आडनाव, अक्षर लागत नसेल तर पानाचा फोटो. ‘एल’ आणि ‘एस’ त्या अक्षरात सारखेच दिसतात, मी बघून सांगेन.